वाचकांचे प्रश्न : परांची कधी उतरणार?

मागच्या अंकात मी युरोपातल्या जुन्या चर्चच्या बांधणीवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, म्हणून सहा प्रश्न निवडले आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते : मी सिव्हिल इंजिनिअर, मुक्काम सांगली. तीसेक वर्षं वाडे, देवळं, घाट आणि जुने पूल यांच्या दुरुस्तीत गेली. कलेचा इतिहास मी रीतसर शिकलेले नाही. चर्चमध्ये गेले तरी माझी नजर दुरुस्ती करणाऱ्याचीच असते. वजन कुठून खाली येतंय, पाणी कुठून आत शिरतंय आणि आपल्या आधीच्या माणसानं इथं काय करून ठेवलंय, हे मी आधी बघते.

एक वाचक, नाशिक : ताई, मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे जर्मनीला गेलो होतो. कोलोनचं कॅथेड्रल बघायची फार वर्षांची इच्छा. गेलो तर एका बाजूला परांची बांधलेली. मुलगा म्हणाला, ही कायमच असते. एवढा श्रीमंत देश, आणि एक दुरुस्ती संपवता येत नाही? फोटोसुद्धा मनासारखा आला नाही.

काका, तुमची हळहळ कळते. मी १९९४ साली पहिल्यांदा गेले तेव्हाही परांची होती, आणि मी अर्धा दिवस तिच्याकडेच बघत बसले होते.

या इमारतीची पायाभरणी १५ ऑगस्ट १२४८ला झाली. पूर्वेकडचा भाग, म्हणजे आपल्या भाषेत गाभाऱ्याकडची बाजू, १३२२ साली पूजेसाठी खुला झाला. मग दक्षिणेकडचा मनोरा चढायला लागला, ५९ मीटरच्या आसपास पोचला आणि तिथंच अडला. सोळाव्या शतकात पैसा आटला, काम थांबलं. अर्धवट मनोऱ्याच्या डोक्यावर दगड उचलायची लाकडी यारी तशीच उभी राहिली. कोलोनच्या कितीतरी पिढ्या ती यारी बघतच जन्मल्या आणि गेल्या. जुन्या चित्रांत शहर ओळखायची खूण म्हणजे ती यारीच.

पुढची गोष्ट मला कुठल्याही दंतकथेपेक्षा जास्त आवडते. दर्शनी बाजूचा मूळ नकाशा, चार मीटरहून उंच चर्मपत्रावर रेखलेला, हरवलेला होता. त्याचा अर्धा तुकडा १८१४ साली डार्मश्टाट गावात एका खानावळीच्या माळ्यावर सापडला. त्याच्यावर शेंगा वाळत घालायचे असं सांगतात. दुसरा अर्धा दोन वर्षांनी पॅरिसमध्ये मिळाला. त्या नकाशाबरहुकूम १८४२ साली काम पुन्हा सुरू झालं आणि १८८० साली १५७ मीटर उंचीचे दोन्ही मनोरे पूर्ण झाले. ६३२ वर्षं. तेव्हा ती जगातली सर्वांत उंच इमारत होती.

आता परांचीचं. मधल्या काळात दगड एक राहिला नाही. जुन्या कारागिरांनी ऱ्हाइनच्या काठावरच्या ड्राखेनफेल्स डोंगरातला ट्रॅकाइट वापरला. एकोणिसाव्या शतकात श्लाइटडॉर्फचा वालुकाश्म आला. त्या वालुकाश्माच्या कणांना धरून ठेवणारा पदार्थ चुनखडीच्या जातीचा आहे. कोळशाचा धूर मिसळलेलं पावसाचं पाणी पडलं की तो विरघळतो. म्हणजे नवा भाग जुन्यापेक्षा लवकर खंगला! शिवाय दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले. म्हणून तिथं चर्चची स्वतःची कायमची कार्यशाळा आहे. पाथरवट, लोहार, सुतार, काच बसवणारे सगळे पगारावर आहेत. एका कोपऱ्यातलं काम संपलं की परांची पुढच्या कोपऱ्याला जाते. युरोपातल्या अशा कार्यशाळांच्या कामाच्या पद्धतीला २०२० साली युनेस्कोनं जपण्याजोगी परंपरा म्हणून मान दिला. मला वाटतं, फार उशिरा दिला.

माझ्या १९९४च्या भेटीतली एक आठवण. उत्तरेकडच्या मनोऱ्याच्या एका भल्यामोठ्या खांबात, करड्या-काळ्या दगडाच्या मधोमध, लाल विटांचं ठिगळ होतं. १९४३ साली बॉम्बनं तिथं एवढं भगदाड पाडलं की मनोरा कोसळायची वेळ आली, तेव्हा हाताला लागतील त्या विटांनी ते घाईघाईनं बुजवलं. कोलोनकर त्याला दातात भरतात त्या चांदीचं नाव देऊन हाक मारायचे. पुढं नवे दगड घडवून ते झाकलं, काम २००५ साली संपलं. मी नंतर गेले तेव्हा ठिगळ दिसलं नाही आणि मला खरोखर वाईट वाटलं. ते ठेवायला हवं होतं. त्या विटा लावणाऱ्या हातांनी मनोरा वाचवला होता.

पुढच्या वेळी गेलात तर परांचीसकट फोटो काढा. तुमच्या नातवाच्या फोटोत ती दुसऱ्या कोपऱ्यावर असेल.

वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, अमरावती : मॅडम, गॉथिक चर्चची टोकदार कमान, छताच्या फासळ्या आणि बाहेरून लावलेल्या तिरप्या अर्धकमानी, हे तिन्ही आम्ही पाठ केलं आहे. पण या अर्धकमानी खरंच लागतात का, की शोभेच्या आहेत? आणि टोकदार कमान युरोपचीच का?

शेवटचं आधी सांगते. टोकदार कमान युरोपात जन्मली नाही. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत ती ८७९ सालापासून रांगेनं उभी आहे. युरोपात ती दोनशे वर्षांनी रुळली. आपल्या दख्खनी कमानीही त्याच घराण्यातल्या, तेव्हा तुला ती परकी वाटायचं कारण नाही. छताच्या फासळ्या इंग्लंडात डरहॅमला दिसतात, तिथलं काम १०९३ला सुरू झालं. या साऱ्याला उजेडाची जोड मिळाली ती पॅरिसजवळच्या सँ-दनी मठात. तिथले मठाधिपती स्युजे यांनी ११४४ साली नव्या गाभाऱ्याचं उद्घाटन केलं, आणि गॉथिकची सुरुवात साधारण तिथून मोजतात.

आता अर्धकमानी. घरात पत्ते आहेत ना? ओट्यावर दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे कर, पत्त्यांच्या बंगल्याला करतो तसे. जास्त आडवे ठेवलेस तर पाय बाहेर सरकतात आणि दोन्ही पडतात. जास्त उभे ठेवलेस तर टिकतात. पाय बाहेर सरकतात तो रेटा. अर्धगोल कमान म्हणजे जास्त आडवे पत्ते, टोकदार कमान म्हणजे जास्त उभे. रेटा कमी होतो, संपत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेव. आता आडव्या पत्त्यांच्या पायाशी दोन भरलेल्या वाट्या ठेव. पत्ते हलत नाहीत. बाहेरचा जाडजूड खांब म्हणजे ती वाटी. छताचा रेटा तीस-चाळीस मीटर उंचीवर भिंतीला लागतो, खांब मात्र बाजूच्या ओवरीच्या पलीकडे उभा असतो. मधलं अंतर ओलांडून रेटा त्या खांबापर्यंत पोचवायचं काम ती तिरपी अर्धकमान करते. ती नसती तर भिंत किल्ल्यासारखी जाड करावी लागली असती आणि खिडक्या झरोक्याएवढ्या उरल्या असत्या. खांबाच्या डोक्यावरचा नक्षीचा टोकदार मनोराही नुसता शोभेचा नाही. वाटीत आणखी तांदूळ घालावेत तसं त्याचं वजन रेट्याला खाली वळवायला मदत करतं.

हे सगळं एका जागी, बरं-वाईट दोन्ही, बघायचं तर बोवे गावात बघ. पॅरिसहून सव्वा तासाची रेल्वे आहे. १२२५ साली तिथल्या लोकांनी ठरवलं की आपलं छत सगळ्यांत उंच. १२७२ साली गाभाऱ्याचं छत झालं, जमिनीपासून ४८ मीटर. तेवढं उंच गॉथिक छत दुसरं नाही. बारा वर्षांनी, १२८४च्या नोव्हेंबरात, त्यातलं बरंचसं खाली आलं. कारणावर अभ्यासक अजून भांडतात. कुणी वाऱ्याकडे बोट दाखवतं, कुणी खांबांमधल्या अंतराकडे, कुणी वरच्या एका नाजूक खांबाकडे. गवंड्यांनी उत्तर कामातून दिलं : प्रत्येक दोन खांबांच्या मधे आणखी एक खांब उभा केला. आजही आत उभं राहिलं की ती खांबांची दाटी जाणवते. आधीच्या मोकळ्या कमानी नव्या खांबांनी मधोमध चिरलेल्या दिसतात.

मग लढाया आल्या, पैसा गेला. सोळाव्या शतकात क्रुसाच्या हातांसारखे दोन्ही बाजूंचे आडवे भाग झाले. त्यानंतर लांब सभामंडप बांधायला हवा होता. त्यांनी आधी मधोमध मनोरा चढवला. १५६९ साली तो १५३ मीटरवर पोचला. बाळ, तू आता इंजिनिअरसारखा विचार कर. मधल्या चार खांबांवर मनोरा आहे. तीन बाजूंना इमारत आहे, ती खांबांना धरून ठेवते. चौथ्या बाजूला, पश्चिमेला, काहीच नाही. मनोरा तिकडंच कलायला लागला. तपासणी झाली, आधार घालायचा निर्णय झाला, पण कामाला हात लागायला वेळ गेला. १५७३ साली ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी, लोक मिरवणुकीनं बाहेर पडल्यावर, मनोरा कोसळला. माणसं वाचली.

सभामंडप आजवर झालेला नाही. जिथं तो व्हायचा तिथं दहाव्या शतकातलं जुनं, बुटकं चर्च अजून उभं आहे. बाहेरून बघितलं तर एखाद्या ताडमाडाच्या बुंध्याशी चुलीची खोपी असावी तसं दिसतं. नव्यासाठी ते पाडायचं होतं, पण तेवढी वेळच आली नाही.

आत आडव्या भागात जमिनीपासून वरपर्यंत लाकडाचे प्रचंड धिरे लावलेले आहेत. मी एका धिऱ्याच्या जोडावर हात ठेवून उभी होते. बोटाएवढ्या जाड बोल्टांची रांग, आणि लाकूड हाताला उबदार. भोवती सगळा दगड थंडगार. बाहेरच्या अर्धकमानींना बांधणारे लोखंडी गजही होते. १९६०च्या दशकात ते कुरूप दिसतात, कामाचे नाहीत, असं ठरवून काढले. वाऱ्यानं इमारत जास्त डोलायला लागली, गाभारा आणि आडवा भाग यांच्यात फट वाढली. गज परत लावावे लागले, या वेळी पोलादाचे.

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं हे उत्तर. बिनकामाचे समजून साधे गज काढले तर काय झालं, ते बोवेत बघता येतं. परीक्षेत पत्त्यांचं चित्र काढ, गुण कापले तर मला लिही.

एक वाचक, कुडाळ : जुन्या गोव्यातलं सेंट कॅजेटन चर्च हे रोमच्या सेंट पीटरची नक्कल आहे म्हणतात. खरं का?

नमुना सेंट पीटरचा, हे खरं. थिएटाइन पंथाच्या इटालियन धर्मगुरूंनी ते सतराव्या शतकात बांधलं. दर्शनी बाजूचे उंच खांब, मधला अर्धगोल घुमट तिकडचे. पण दोन्ही बाजूंना लहान घुमटांऐवजी चौकोनी मनोरे केले, आणि दगड आपला जांभा. नक्कल म्हणण्यापेक्षा, तिकडचा माणूस इथल्या दगडाशी आणि पावसाशी तडजोड करत होता असं म्हणा.

जांभ्यावरून मनात सलणारी एक गोष्ट सांगते. शेजारच्या बॉम जेझू बॅसिलिकेचा बाहेरचा चुन्याचा गिलावा गेल्या शतकाच्या मध्यात काढून टाकला, दगड दिसावा म्हणून. तुम्ही कोकणातले, तुम्हाला सांगायला नको की उघडा जांभा पाऊस खातो. गिलावा हा त्या दगडाचा अंगरखा आहे. लाल भिंत फोटोत सुंदर दिसते, पण १६०५ साली पुरं झालेलं ते काम तसं दिसावं असं बांधणाऱ्यांच्या मनात नव्हतं. माझ्या उमेदवारीत एका जांभ्याच्या देवळावर सिमेंटचा गिलावा चढवताना मी गप्प उभी राहिले होते. साहेबांपुढे बोलायची हिंमत नव्हती. चार पावसाळ्यांत सिमेंटमागं पाणी अडून दगड भुगा झाला. तुमच्याकडे कुणी असं करत असेल तर थांबवा. चुनाच हवा.

एक आजी, सातारा : पॅरिसचं ते मोठं चर्च जळताना टीव्हीवर बघितलं. दगडाचं चर्च जळतं कसं गं? आणि पाच वर्षांत उभं केलं म्हणतात, ते खरंच जुन्यासारखं आहे का?

आजी, बाहेरून एक छप्पर दिसतं, पण असतात दोन. आतून वर बघितलं की दिसतं ते दगडी कमानींचं छत. ते पातळ असतं आणि पाऊस अडवायच्या कामाचं नसतं. म्हणून त्याच्यावर लाकडाच्या तुळयांचा सांगाडा आणि त्यावर शिशाचे पत्रे. नोत्र दामच्या त्या सांगाड्यात एवढं ओक लाकूड होतं की त्याला ‘जंगल’च म्हणायचे. आठशे वर्षं वाळलेलं लाकूड. १५ एप्रिल २०१९ला पेटलं ते हे. मधला उंच टोकदार मनोराही लाकूड आणि शिशाचाच होता, तो मात्र जुना नव्हे, १८५९ सालचा, व्हिओले-ल-द्युक यांनी बांधलेला. तो जळत कोसळला आणि दगडी छताला भोकं पाडून आत गेला. बाकीचं दगडी छत टिकलं. जळते ओंडके त्यानं झेलले म्हणून आतलं बरंचसं वाचलं.

मनोऱ्याची दुरुस्ती तेव्हा चालूच होती. त्याच्या पायाशी असलेल्या तांब्याच्या १६ मूर्ती आगीच्या चारच दिवस आधी दुरुस्तीसाठी खाली उतरवल्या होत्या, म्हणून वाचल्या. उलट मनोऱ्याभोवतीची लोखंडी परांची आगीत वितळून एकमेकींत गुंतली. दोरीला लोंबकळत कारागिरांनी ती नळी नळी कापून काढली. जरा चुकलं असतं तर राहिलेलं छतही गेलं असतं. त्या माणसांची नावं कुणी पाठ करत नाही.

जुन्यासारखं आहे का? छपरापुरतं विचाराल तर हो, आणि त्याचं श्रेय दोन माणसांना आहे. रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतसो या वास्तुविशारदांनी २०१४ साली त्या माळ्यावर जाऊन सांगाड्याची तुळई-तुळई हातानं मोजून काढली होती. तेव्हा कुणाला वाटलं असेल, एवढा खटाटोप कशाला? पाच वर्षांनी तेच कागद हाताशी आले. शिवाय अँड्र्यू टॅलन या प्राध्यापकांनी लेसरनं अख्ख्या इमारतीची मापं घेऊन ठेवली होती. ते २०१८ साली वारले, आग त्यांनी बघितली नाही. सुतारांनी ओली ओक झाडं कुऱ्हाडीनं तासली, जुन्या पद्धतीनं. डिसेंबर २०२४मध्ये दारं उघडली. नव्या माळ्यावर आता पाण्याचा बारीक फवारा मारायची सोय आहे.

सगळे असंच करतात असं नाही हं. फ्रान्समधल्याच शार्त्रच्या चर्चचं छप्पर १८३६ साली जळलं, तेव्हा त्यांनी बिडाच्या लोखंडाचा सांगाडा केला. रँसचं पहिल्या महायुद्धात तोफांनी पेटवलं, तिथं काँक्रीटचे छोटे छोटे तुकडे जोडून केला. तिन्ही बरोबर आहेत असं माझं मत आहे, कारण खालचं दगडी छत तिन्ही ठिकाणी कोरडं आहे.

तुमच्या साताऱ्याकडच्या देवळांचे लाकडी सभामंडप डोळ्यांपुढे येतात. कुणी नातू-नात मोबाइल आणि टेप घेऊन एका सभामंडपाची मापं काढायला तयार असेल तर मला कळवा. कसं मोजायचं ते मी शिकवीन.

इयत्ता नववी, सोलापूर : विज्ञान प्रदर्शनासाठी कमानीचा सोपा प्रयोग सांगा ना.

आईची बारीक साखळी माग. दोन्ही टोकं समोर धरून ती मधे लोंबू दे. खाली आडवा आरसा ठेव. आरशात उलटी दिसते ती आकृती म्हणजे नुसत्या स्वतःच्या वजनावर उभी राहणारी कमान. लोंबताना साखळीत फक्त ताण असतो, उलटी केली की फक्त दाब. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. हे १६७५च्या सुमारास इंग्लंडात रॉबर्ट हुक यांनी मांडलं. त्यांचे मित्र ख्रिस्टोफर रेन तेव्हा लंडनचं सेंट पॉल बांधायला घेत होते. त्याच्या घुमटाच्या आत लपलेला विटांचा शंकू आहे, बाहेरून दिसत नाही, पण डोक्यावरचं दगडी शिखर तोच पेलतो.

प्रयोग पुढं न्यायचा तर साखळीला जागोजाग कमीजास्त वजनाचे मणी बांध, मग आकार बदलेल. १७४३ साली रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाला तडे गेले होते, तेव्हा जोव्हान्नी पोलेनी यांनी अगदी हेच केलं. घुमटाच्या प्रत्येक भागाच्या वजनाच्या प्रमाणात वजनं लावून साखळी टांगली आणि तिचा आकार घुमटाच्या जाडीत बसतो का ते बघितलं. बसला. तरी खबरदारी म्हणून लोखंडी कड्या घातल्या. बार्सिलोनाचे वास्तुविशारद गावडी यांनीही एका चर्चसाठी दोऱ्यांना छऱ्यांच्या पिशव्या टांगून वर्षानुवर्षं असं प्रतिरूप केलं. तुला एक साखळी पुरे. प्रदर्शन झाल्यावर आईला परत दे.

देवस्थानचे एक विश्वस्त, गुहागर तालुका : आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाच्या मागच्या भिंतीला तडे गेले आहेत. पायात पाणी आहे. मोठा पंप लावून पाणी उपसायचं आणि पाया उघडून काँक्रीट भरायचं असं एका ठेकेदारानं सुचवलं आहे. युरोपात चर्चच्या पायाला पाणी लागलं तर काय करतात?

भाऊ, या पत्रासाठी मी बाकीची उत्तरं आटोपती घेतली. पंप लावू नका. का, ते विंचेस्टरच्या गोष्टीवरून सांगते.

दक्षिण इंग्लंडातलं विंचेस्टर कॅथेड्रल १०७९ साली सुरू झालं. जमीन दलदलीची. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्वेकडं वाढवलेल्या भागाखाली त्यांनी झाडांचे ओंडके आडवे टाकून तराफा केला आणि त्यावर भिंती उचलल्या. तराफ्याखाली कुजलेल्या वनस्पतींचा काळा, दबणारा थर, आणि त्याच्याखाली घट्ट वाळूखडी. पाण्यात बुडालेलं लाकूड कुजत नाही, पण मऊ थर सातशे वर्षं दबत राहिला. १९०५च्या सुमारास भिंती कलल्या, छताचे दगड सुटून पडायला लागले.

फ्रान्सिस फॉक्स नावाच्या इंजिनिअरनं खड्डा घेऊन बघितला. मऊ थर फोडला की खालून भसाभस पाणी. पंप लावला तर तेच झालं असतं जे तुमच्याकडे होईल. उपसलेल्या पाण्याबरोबर बारीक माती वाहून जाते, भिंतीखाली पोकळी होते, आणि भिंत एका रात्रीत खचते. मग करायचं काय? पाणी राहू द्यायचं आणि पाण्यातच काम करायचं. फॉक्सनं पाणबुड्या बोलावला, विल्यम वॉकर.

१९०६ ते १९११, साडेपाच-सहा वर्षं, रोज सहाएक तास. भिंतीकडेला थोडा थोडा भाग घेऊन एकूण २३५ खड्डे, एकेक सहा मीटरपर्यंत खोल. पाणी इतकं गढूळ की खाली काळाकुट्ट अंधार. दिवा नेऊन उपयोग नाही. वॉकर सगळं हातानं चाचपून करायचा. मऊ माती काढायची, घट्ट थर लागला की त्यावर काँक्रीटच्या पिशव्या लावायच्या, पिशव्या चिरायच्या म्हणजे एकमेकींना धरतील, वर काँक्रीटचे ठोकळे. तळ असा बंद झाला की मग पाणी उपसायचं. आता वाहून जायला माती उरलेली नसते. मग गवंडी उतरून विटांचं काम भिंतीच्या तळापर्यंत आणायचे. अवजड पोशाख काढा-घालायला वेळ जातो म्हणून वॉकर जेवणाच्या सुट्टीत फक्त डोक्यावरचं शिरस्त्राण काढायचा, भाकरतुकडा खायचा, पाइप ओढायचा आणि परत खाली. २५,८०० पिशव्या, १,१४,९०० ठोकळे आणि ९ लाख विटा लागल्या. देऊळ बांधायला लागावं तसं सामान, आणि सगळं जमिनीखाली गेलं. बघायला काहीच नाही.

वॉकर १९१८च्या इन्फ्लुएंझात गेला. त्याचा पुतळा उभारला तेव्हा शिल्पकाराच्या हाती चुकून फॉक्सचा फोटो पडला आणि पुतळ्याला इंजिनिअरचा चेहरा आला. २००१ साली नवा करून चूक सुधारली. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. इंजिनिअर मीही आहे, पण खाली उतरतो त्याचा चेहरा त्याला मिळायलाच हवा.

आता तुमचं देऊळ. तुमच्या पत्रातली एक ओळ मी चारदा वाचली : ‘मागं दोन वर्षांपूर्वी बोअर मारली.’ पाया शेकडो वर्षं एका पाण्याच्या पातळीला सरावलेला असतो. ती पातळी बदलली की जमीन हलते. बोअरचा उपसा आधी बंद करा किंवा निदान कमी करा. छपराचं पाणी पागोळ्यांतून भिंतीच्या मुळाशीच पडतंय का ते या पावसात उभं राहून बघा. पडत असेल तर पन्हळ लावून लांब न्या. त्याला काही हजार रुपयांपेक्षा जास्त लागणार नाही.

मग तडा जिवंत आहे की जुना, ते ओळखायचं. खिडकीच्या काचेची वीतभर लांब, दोन बोटं रुंद पट्टी कापून आणा. तड्याच्या दोन्ही बाजूंचा दगड खरवडून स्वच्छ करा, पट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं पक्की करा, मधला भाग मोकळा. शेजारी तारीख लिहा. भिंत हलली तर काच तडकेल. अशा तीन पट्ट्या लावा : वर, मधे, खाली. ठेकेदाराला सांगा, दिवाळीपर्यंत थांब. पट्ट्या लावल्यात की तारखेसकट फोटो मला पाठवा, आणि एखादी तडकली तर पत्र लिहीत बसू नका, संपादकांकडून माझा नंबर घेऊन त्याच दिवशी फोन करा.